स्केटबोर्डचं मैदान भरवायचंय? आधी तालीम काढा

प्रश्न कोल्हापुरातल्या एका तरुण मंडळाचा आहे. यंदा गणपतीत डॉल्बीला फाटा दिला, वर्गणीतले पैसे शिल्लक राहिले. मंडळाच्या मागच्या वस्तीत शाळा सुटलेली, गॅरेजात नाहीतर हॉटेलात राबणारी आणि त्यातली काही नशेसाठी सोल्युशन हुंगायला लागलेली पोरं आहेत. त्यांच्यासाठी डिसेंबरात स्केटबोर्डिंगचा मोठा इव्हेंट घ्यावा का, त्यानं फरक पडतो का आणि घ्यायचा तर कसा, असं विचारलंय.

मी स्केटर नाही, हे आधीच सांगते. समाजकार्य शिकले, अकरा वर्षं वस्त्यांमधल्या मुलांबरोबर काम करते, त्यातली आठ वर्षं स्केटबोर्ड हाताशी घेऊन. स्वतः बोर्डवर उभी राहिले ती छत्तिसाव्या वर्षी, आणि तिसऱ्याच दिवशी मनगट प्लास्टरमध्ये गेलं. त्यामुळे खेळातल्या बारकाव्यांबद्दल माझ्यापेक्षा आमची पोरं चांगलं सांगतील. मी सांगते ते पोरांबद्दल.

नुसत्या इव्हेंटनं फरक पडत नाही. उलट वाईट घेतला तर नुकसान होतं. कोल्हापूरकराला हे कुस्तीवरून सांगणं सोपं आहे. खासबागेत मैदान भरतं ते एका दिवसाचं. पण त्या दिवशी मातीत उतरणारा पोरगा कुठल्या तरी तालमीत वर्षभर पहाटे उठून जोर मारून आलेला असतो. त्याचा वस्ताद कोण हे सगळ्यांना माहीत असतं, आणि हरला तरी दुसऱ्या दिवशी जायला त्याला जागा असते. तुम्ही तालीम न काढता मैदान भरवायला निघालाय.

मी हेच केलं होतं. आठ वर्षांपूर्वी आमचा पहिला इव्हेंट झाला. पुण्याहून चार चांगले स्केटर आले, एका दुकानदारानं टी-शर्ट दिले, साउंड सिस्टीम होती, वडापाव होता. शे-दीडशे मुलं आली. संध्याकाळी माझा घसा बसला होता आणि आपण काहीतरी जिंकलोय असं वाटत होतं. पुढच्या रविवारी त्याच जागी आठ बोर्ड घेऊन बसलो तर अकरा जण आले. त्यातले सात पलीकडच्या अपार्टमेंटमधले, बूट-मोजे घालून आलेले. ज्यांच्यासाठी एवढा घाट घातला ते चार.

त्याहून वाईट पुढे आहे. बॅनरवर आम्ही ‘भरकटलेल्या तरुणाईसाठी’ असं छापलं होतं. फोटो पेपरात आला. त्यात अगदी पुढे एक पंधरा वर्षांचा पोरगा उभा होता, टू-व्हीलरच्या गॅरेजात काम करणारा, दिवसभर बोर्ड सोडायला तयार नव्हता तो. दुसऱ्या दिवशी गॅरेजात गिऱ्हाइकांसमोर त्याला कुणीतरी म्हणालं, “काय रं, तू कधीपासनं भरकटलास?” तो परत आला नाही. दीड वर्षानं मला रस्त्यात दिसला, मान वळवून गेला. पेपरचा दोष नव्हता. तो शब्द मीच फ्लेक्सवाल्याला लिहून दिला होता.

म्हणून पहिली अट ही: बॅनरवर फक्त ‘स्केटबोर्ड, सगळ्यांसाठी, फुकट’ एवढंच. वंचित, गरजू, व्यसनमुक्ती, मुख्य प्रवाह, यातला एकही शब्द नको. देणगीदाराला हवा असेल तर त्याच्या अहवालात लिहा, मैदानावर नको.

सगळ्यांसाठी म्हणजे खरंच सगळ्यांसाठी. नुसती ‘वाया चाललेली’ पोरं निवडून एकत्र आणू नका. याला माझ्या अनुभवापलीकडचाही आधार आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांत १९३९ साली पाचशेहून जास्त मुलग्यांवर एक मोठा प्रयोग सुरू झाला. निम्म्या मुलांना वर्षानुवर्षं समुपदेशक, शिकवण्या, उन्हाळी शिबिरं असं सगळं मिळालं. उरलेल्यांना काही नाही. जोन मॅकॉर्ड या अभ्यासक बाईंनी तीस वर्षांनी ती मुलं शोधून काढली आणि १९७८ मध्ये निष्कर्ष मांडले. मदत मिळालेल्यांची गत न मिळालेल्यांपेक्षा वाईट निघाली. पुढच्या विश्लेषणात दिसलं की सगळ्यांत जास्त नुकसान उन्हाळी शिबिरांना एकाहून जास्त वेळा गेलेल्यांचं झालं होतं. तसल्याच पोरांचा घोळका जमला की एकमेकांच्या पराक्रमावर हसणं, टाळ्या देणं सुरू होतं, आणि मुलं तेच शिकतात. आपल्याकडेही हेच घडतं, फक्त त्याला कुणी अभ्यास म्हणत नाही. आमच्याकडे आता साधारण तिघांत एक मूल अडचणीतलं असतं. बाकीची कुणाची तरी भावंडं, शेजारची, कॉलेजची. कोण कुठलं हे बाहेरच्याला ओळखू येत नाही, आणि येऊही नये.

मग स्केटबोर्डच का, फुटबॉल का नाही? कोल्हापुरात हा प्रश्न कुणीही विचारेल, आणि रास्त आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध प्रॅक्टिस या संघांचा सामना असला की अर्धं गाव तिकडं असतं. पण फुटबॉलमध्ये अकरा जण निवडावे लागतात. पेठेचा शिक्का लागतो. बाराव्या वर्षी कामाला लागलेला पोरगा सोळाव्या वर्षी परत खेळायला आला तर त्याला कोण घेणार? तो लाइनीबाहेर उभा राहून शिट्ट्या मारतो. स्केटबोर्डला निवड नाही, राखीव खेळाडू नाही, उशिरा आलास म्हणून कुणी मागे काढत नाही. आणि हा खेळ आपल्याकडे इतका नवा आहे की कुणाच्या बापाला तो येत नाही. त्यामुळे घरात कुणी म्हणू शकत नाही, “आमच्या वेळी असं नव्हतं.” मुलींच्या बाबतीत तर हे फारच कामाला येतं. काबूलमध्ये ऑलिव्हर पर्कोविच या ऑस्ट्रेलियन स्केटरनं २००७ साली रस्त्यावर मुलांना शिकवायला सुरुवात केली. तिथं मुलींनी सायकल चालवणं लोकांना खपत नव्हतं, पण स्केटबोर्डला नाही म्हणावं असं कुणाला सुचलंच नव्हतं, कारण ती वस्तूच कुणी पाहिली नव्हती. त्या फटीतून मुली आत आल्या.

आणि पडणं. बोर्डवर सगळेच पडतात, पहिल्या दहा मिनिटांत. इंजिनिअरिंगचा पोरगाही पडतो, चहाच्या गाड्यावरचाही पडतो. आमच्या पोरांना आयुष्यात पडल्यावर शिवी मिळालेली असते. इथं पडल्यावर कुणीतरी हात देतं आणि बोर्ड पळत जाऊन आणून देतं. हे मला शब्दांत सांगून कधी जमलं नसतं.

आता जी उदाहरणं तुम्हाला इंटरनेटवर दिसतील त्यांच्याबद्दल. मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यात जनवार नावाचं खेडं आहे. तिथं उल्रिके राइनहार्ड या जर्मन बाईंच्या पुढाकारानं २०१५ मध्ये काँक्रीटचा स्केटपार्क झाला. आदिवासी आणि यादवांची मुलं, जी एरवी एकत्र बसत नसत, ती एका उतारावर खेळायला लागली. तिथली आशा गोंड २०१८ मध्ये चीनमधल्या नानजिंगच्या जागतिक स्पर्धेपर्यंत गेली. त्यांचे दोन नियम गाजले: मुली आधी, आणि शाळा नाही तर स्केटिंग नाही.

पहिला नियम डोळे झाकून घ्या. पहिला अर्धा तास बोर्ड फक्त मुलींच्या हातात द्या, नाहीतर दिवस संपेपर्यंत त्यांना बोर्ड दिसणार नाही. दुसरा नियम मात्र आपल्याकडे लावू नका, असं माझं ठाम मत आहे. खेड्यात शाळा हाकेच्या अंतरावर असते आणि सहा-सात वर्षांच्या पोराला ती धरायला लावायची असते. तुमच्या वस्तीतला सोळा वर्षांचा पोरगा शाळेतून कधीच बाहेर पडलाय. त्याला दारातच शाळेचा दाखला विचारलात तर ज्याच्यासाठी दार उघडलं तोच बाहेर राहिला. शाळेचं बोला, पण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बोला. आमच्या तिघांनी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी दिली. तिघांनाही तो विषय मी काढला नव्हता, त्यांच्यातल्याच एका कॉलेजच्या मुलीनं काढला होता.

तर तालीम कशी काढायची. दर शनिवारी संध्याकाळी पाच ते सात, ठरलेली जागा, ठरलेली दोन मोठी माणसं. पाऊस असला, दोनच पोरं आली, सामना असला, तरी तुम्ही तिथं दिसला पाहिजेत. आमचा एक पोरगा तीन महिने लांब कठड्यावर बसून नुसतं बघायचा. चौथ्या महिन्यात आला आणि म्हणाला, “तुम्ही खरंच दर शनवारी येता व्हय?” तो एवढा वेळ हेच तपासत होता.

बोर्ड कमी आणा. पंचवीस मुलांना बारा बोर्ड पुरे. हे काटकसरीसाठी सांगत नाही. प्रत्येकाला बोर्ड दिला की प्रत्येक जण आपापल्या कोपऱ्यात जातो. पाळी असली की निम्मी मुलं कठड्यावर बसलेली असतात, आणि सगळं बोलणं त्या कठड्यावर होतं. घरी काय झालं, मालकानं पगार कसा कापला, दाजी दारू पिऊन काय करतो, हे सगळं मला समोर खुर्ची टाकून विचारलं असतं तर कुणी सांगितलं नसतं. दोघेही समोर खेळणाऱ्याकडं बघत असतो म्हणून तोंड उघडतं.

खेळण्याच्या दुकानातले प्लास्टिकच्या ट्रकचे बोर्ड मात्र घेऊ नका. ट्रक म्हणजे फळीखाली चाकं धरून ठेवणारा भाग. वजन पडलं की ट्रक तुटतो आणि मूल तोंडावर येतं. मेपलच्या सात थरांची फळी, धातूचे ट्रक, आणि आपल्या रस्त्यांसाठी जरा मोठी, मऊ चाकं घ्या. चाकाच्या कडकपणाचा आकडा लिहिलेला असतो; ७८ए ते ८७ए च्या दरम्यानचं चाक खडबडीत काँक्रीटवर चालतं. ९९ए चं कडक चाक बारीक खड्यालाही अडकतं. एका उत्साही कारखानदारानं मला सांगितलं होतं, फाउंड्रीचं गाव आहे, ट्रक इथंच ओतून देतो. मी नम्रपणे नको म्हटलं. रॅम्पसाठी मात्र शिवाजी उद्यमनगरात जरूर जा. तीन फूट उंचीचा, पाइपची कड असलेला एक छोटा क्वार्टर पाइप, म्हणजे गोलाईनं वर चढणारा उतार, आणि बोर्ड घसरवायला एक बुटकी रेल एवढं तिथला कुठलाही चांगला फॅब्रिकेटर करून देईल. मोठा रॅम्प करू नका. तो पाहुणे स्केटरांसाठी होतो, आपली पोरं त्याच्या सावलीत बसतात.

दुरुस्ती पोरांकडंच द्या. चाकाच्या नटाला १३ चा पाना लागतो, बेअरिंग ६०८ नंबरचं असतं. गॅरेजातल्या पोराला हे सांगावं लागत नाही. ज्या दिवशी अपार्टमेंटमधला मुलगा आपला महागाचा बोर्ड घेऊन त्याच्याकडं येतो आणि “भावा, हे जरा बघ की” म्हणतो, त्या दिवशी त्या दोघांत जे होतं ते मी कुठल्याही गटचर्चेत घडवू शकले नाही.

हेल्मेट, मनगटाचे आणि गुडघ्याचे पॅड सक्तीचे. नवशिक्याचं सगळ्यांत जास्त मोडतं ते मनगट, कारण पडताना माणूस हात टेकतो. म्हणून पहिला धडा चालवण्याचा नाही, पडण्याचा: गुडघे वाकव, खांद्यावर लोळ. कुस्तीच्या तालमीतून आलेल्या आमच्या एका मुलाला हे पहिल्याच फटक्यात जमलं, त्याला पाठीवर न पडण्याची सवयच होती.

ऋतूचं थोडक्यात. जगभर स्केटबोर्डिंगचा दिवस २१ जूनला साजरा होतो. आपल्याकडं तेव्हा आभाळ फाटलेलं असतं, बेअरिंग गंजतात, फळी फुगते, आणि त्याच सकाळी मैदानं योग दिनाला दिलेली असतात. त्या तारखेचा हट्ट सोडा. पावसाळ्यात तालीम छपराखाली न्या, मंगल कार्यालयाचं पार्किंगही चालतं. पंचगंगेला पाणी आलं की सखल भागातली मुलं गायब होतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात आम्ही बोर्ड ठेवले आणि पोरं कुठं आहेत ते शोधत फिरलो. डिसेंबर चांगला. जमीन कोरडी, आणि गळीत हंगाम सुरू असल्यानं ऊसतोड मजुरांची मुलंही कारखान्यांजवळच्या खोपटांत आलेली असतात. त्यांना विसरू नका. मार्चनंतर ती जातात, म्हणून त्यांना वेगळ्या यादीत टाकू नका, जेवढे शनिवार मिळतील तेवढे द्या.

अशी दहा-बारा शनिवारांची तालीम झाली की मग मैदान भरवा. आणि त्या दिवशी तुमची पोरं पाहुणे नकोत, यजमान हवीत. हेच मला सगळ्यांत उशिरा कळलं. नोंदणीच्या टेबलावर कोण, पॅड बांधायला कोण, लहान मुलांचा हात धरून पहिली चक्कर मारायला कोण, बोर्ड दुरुस्त करायच्या ‘दवाखान्यात’ पाना घेऊन कोण, हे सगळं आधी ठरवा. ज्याला आयुष्यभर ‘लाभार्थी’ म्हणून रांगेत उभं केलंय त्याच्या रांगेत नगरसेवकाचं पोरगं हेल्मेटसाठी उभं राहिलं पाहिजे. भाषणं नकोत. पाहुण्यांना बोलायचंच असेल तर आधी बोर्डवर उभं राहायला सांगा. भाषण आपोआप आटोपशीर होतं.

पहिला-दुसरा-तिसरा असे नंबर काढू नका. स्केटरांचा एक खेळ आहे: एकानं करून दाखवायचं, दुसऱ्याला जमलं नाही तर त्याच्यावर एक अक्षर चढतं, शब्द पुरा झाला की बाद. इंग्रजीत तो ‘स्केट’ या शब्दावर खेळतात. आमच्या पोरांनी त्याचं को-ल्हा-पू-र केलं, चार अक्षरं. “त्याच्यावर ल्हा चढलाय” असं ओरडणं ऐकून बाहेरचे स्केटर चक्रावतात. एकदा आम्ही ‘सर्वांत झकास पडणाऱ्या’ला बक्षीस ठेवलं होतं. अर्ध्या तासात पोरं मुद्दाम आपटून घ्यायला लागली. ते बक्षीस तिथंच बंद केलं.

आता कंटाळवाणा पण टाळता न येणारा भाग. मुलांबरोबर थांबणारी माणसं ओळखीची, पारखलेली हवीत, आणि कुणीही मोठा माणूस एका मुलाला घेऊन एकटा आडबाजूला जाणार नाही. पालकांच्या सहीचा कागद हवा, पण तो मैदानावर वाटू नका. घरी जाऊन सही घ्या. त्या दोन घोटांच्या चहात घराची जी कल्पना येते ती सहीपेक्षा मोलाची असते. कुणी मोबाइलवर मुलांचे चेहरे टिपणार नाही हे आधी जाहीर करा. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या किंवा कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलाची ओळख माध्यमांत उघड करता येत नाही. कायदा नसता तरी गॅरेजातल्या त्या पोराची वळलेली मान मला पुरेशी आहे.

तालीम नीट चालली तर एक ना एक दिवस कुणीतरी येऊन म्हणेल, “ताई, आज मला घरी जायचं नाही.” तेव्हा काय करायचं हे आधी ठरलेलं असू द्या, कारण त्या क्षणी डोकं चालत नाही. ‘कुणालाही सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, ते पाळता येणार नाही. शांतपणे ऐका, उलटतपासणी घेऊ नका, त्याचे शब्द त्याच्याच भाषेत त्याच दिवशी लिहून ठेवा. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. ‘घरातली गोष्ट घरात’ म्हणणारे शहाणे मंडळातही निघतील, त्यांना हे आधी वाचून दाखवा. मन फार खचलेलं दिसलं तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. हाड मोडलं तर रुग्णवाहिकेसाठी १०८. हे चारही मुद्दे एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून टेबलामागे टांगा.

सोल्युशनबद्दल तुम्ही मुद्दाम विचारलंय. आमचा नियम असा: हुंगून आला तर बोर्ड मिळणार नाही, पण कठड्यावर बसता येईल, चहा मिळेल, हाकलणार नाही. पुढच्या शनिवारी शुद्धीवर ये, बोर्ड तुझाच. काहींचं यानं कमी झालं, दोघांचं नाही झालं, त्यांना उपचाराला न्यावं लागलं. बोर्डनं व्यसन सुटतं असं मी म्हणणार नाही. मात्र त्या दोघांना कुठं शोधायचं हे आम्हाला माहीत होतं आणि न्यायला आलेल्या माणसाला ते ओळखत होते.

पैशांचं वाटप विचारलंत तर मोठा हिस्सा वर्षभर शनिवारी येणाऱ्या एका माणसाच्या मानधनावर घाला. शक्यतो तो वस्तीतलाच, अठरा-वीस वर्षांचा, पोरांनी मानलेला असावा. नंतर पॅड आणि बोर्ड, नंतर रॅम्प, आणि उरले तर मैदानाचा दिवस. कोल्हापुरातल्याच सायबर या शिक्षणसंस्थेतले समाजकार्याचे विद्यार्थी क्षेत्रकार्यासाठी मिळू शकतात, विचारून बघा, पण त्यांचं वर्ष संपलं की ते जाणार हे धरून चला. किती मुलं आली हे मोजू नका. वहीत एवढंच लिहा: मागच्या महिन्यातला कोण या महिन्यातही आला, आणि जो आला नाही त्याच्या घरी कोण जाऊन आलं.

दसरा झाला की पहिल्या शनिवारी सुरुवात करा, डिसेंबरच्या शेवटापर्यंत दहा-अकरा शनिवार मिळतील. पहिल्या दिवशी चार-पाचच येतील. आमच्याकडचे दोन बोर्ड घेऊन जा, परत करायची घाई नाही. एकाचं पुढचं चाक फिरताना करकरतं. ते तसंच राहू द्या, बरोबर १३ चा पाना ठेवा आणि कोण पुढे येतो ते बघा.